दोन भावांच्या दोन चुली

(नभोवाणीवरील भाषण)

दोन भाऊ एका घरांत गुण्यागोविंदानें नांदत असले म्हणजे शेजारीपाजारी त्यांचें कौतुक करितात. आणि ते वेगळे निघाले म्हणजे तेच शेजारी कारण शोधूं लागतात. आपल्याकडे हें कारण शोधण्यासाठीं फार लांब जावें लागत नाहीं. घरांत सुना असतात. दोष त्यांच्या पदरांत टाकला कीं काम झालें. भाऊ बिचारे राम-लक्ष्मण, पण जावांचें जमलें नाहीं म्हणून चुली वेगळ्या झाल्या, असा निकाल देऊन लोक मोकळे होतात. स्वभावांतील फरक, वाढतें वय, कामाचा आलेला शीण, यांचा विचार कोणी करीत नाहीं. आणि ज्या सुनांवर खापर फुटलें त्यांनीं त्या एकत्र घरासाठीं इतकीं वर्षें काय केलें, याचाही हिशेब कोणी मांडीत नाहीं.

आज ज्या घराची हकीगत सांगावयाची आहे तें घर अमेरिकेंतील आहे, आणि तेथील चूल आहे चित्रपटाची. जोएल कोएन आणि ईथन कोएन या दोघां भावांनीं १९८४ पासून २०१८ पर्यंत अठरा कथाचित्रपट एकत्र काढले. पटकथा दोघांनीं मिळून लिहावयाची, नटांना सूचना दोघांनीं द्यावयाच्या, आणि घेतलेलें चित्रण कापून जोडण्याचें काम, म्हणजे संकलन, तेंही बहुधा दोघांनींच करावयाचें, असा त्यांचा चौतीस वर्षांचा परिपाठ होता. त्यानंतर दोघांचे मार्ग वेगळे झाले. जोएलनें २०२१ सालीं 'द ट्रॅजेडी ऑफ मॅकबेथ' हा चित्रपट एकट्यानें दिग्दर्शित केला. त्याची पत्नी फ्रान्सिस मॅकडॉर्मंड ही त्यांत लेडी मॅकबेथ झाली आणि निर्मितींतही तिचा वाटा होता. ईथननें आपली पत्नी ट्रिशा कूक हिच्याबरोबर २०२४ सालीं 'ड्राइव्ह-अवे डॉल्स' आणि २०२५ सालीं 'हनी डोन्ट' असे दोन कथाचित्रपट दिले. एक चूल होती तेथें दोन झाल्या, आणि दोन्ही ठिकाणीं भावाच्या जागीं पत्नी आली.

श्रोतेहो, ही केवळ नटनट्यांच्या घरची बातमी असती तर आपला वेळ मी घेतला नसता. परंतु कलेंतील भागीदारी म्हणजे काय, आणि तिच्यांत कोणाचें श्रेय कोणाच्या नांवावर जमा होतें, हा प्रश्न या हकीगतींत फार स्पष्टपणें दिसून येतो.

जोएलचा जन्म १९५४ चा, ईथनचा १९५७ चा. मिनेसोटा राज्यांतील मिनिॲपोलिस शहराला लागून असलेल्या सेंट लुइस पार्क या उपनगरांत ते वाढले. वडील विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकवीत. आई कलेचा इतिहास शिकवी. शेजाऱ्यांच्या आवारांतील गवत कापून मिळालेल्या पैशांतून जोएलनें एक लहानसा चलच्चित्रांचा कॅमेरा घेतला, आणि दूरचित्रवाणीवर पाहिलेले चित्रपट हीं मुलें आपल्या परीनें पुन्हा घेऊं लागलीं. पुढें थोरला न्यूयॉर्क विद्यापीठांत चित्रपटकला शिकला. धाकट्यानें प्रिन्स्टन येथें तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. 'ब्लड सिंपल' या पहिल्या चित्रपटासाठीं पैसे उभे करावयाचे होते तेव्हां दोघांनीं एक युक्ति केली. चित्रपट तयार नसतांनाच त्याची लहानशी जाहिरात त्यांनीं चित्रित केली, आणि ती सधन लोकांकडे नेऊन दाखविली. जो पदार्थ अद्याप शिजलाच नव्हता त्याचा वास देऊन त्यांनीं जेवणाचे पैसे आगाऊ गोळा केले, असें म्हटलें तरी चालेल.

या भागीदारींतील पहिली मौजेची गोष्ट अशी कीं, पडद्यावरील नामावलि आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ तिच्यांत प्रथमपासूनच नव्हता. पहिलीं वीस वर्षें दिग्दर्शक म्हणून नांव लागे जोएलचें, आणि निर्माता म्हणून ईथनचें. वस्तुतः दोन्ही कामें दोघेही करीत. पण अमेरिकेंतील दिग्दर्शकांच्या संघाचा दंडक असा आहे कीं, एका चित्रपटाला एकच दिग्दर्शक असावा. दोघांचीं नांवें लावावयाचीं तर ती जोडी खरोखरीची जोडी आहे हें संघाला पटवून खास परवानगी मिळवावी लागते. दंडकाचा हेतु वाईट नाहीं. वजनदार निर्मात्यानें किंवा नटानें दिग्दर्शकाच्या श्रेयांत बळेंच वाटा मागूं नये, यासाठीं तो आहे. परंतु त्यामुळें दोघां भावांचीं नांवें दिग्दर्शक म्हणून एकत्र झळकावयास २००४ सालचा 'द लेडीकिलर्स' उजाडावा लागला.

संकलनाच्या बाबतींत तर त्यांनीं याहून गंमत केली. आपलींच नांवें पुनःपुन्हा छापणें त्यांना बरें वाटेना, म्हणून 'रॉडरिक जेन्स' या नांवाचा एक वृद्ध इंग्रज संकलक त्यांनीं कल्पनेनें निर्माण केला. 'फार्गो' (१९९६) आणि 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७) या दोन चित्रपटांच्या संकलनासाठीं या अस्तित्वांत नसलेल्या गृहस्थाचें नांव अकॅडमी पारितोषिकाच्या यादींत दोन वेळां आलें.

आतां या घरांतील सुनांकडे वळूं. मॅकडॉर्मंडबाईंचा पहिलाच चित्रपट म्हणजे 'ब्लड सिंपल'. ज्या १९८४ सालीं तो लोकांपुढें आला त्याच सालीं जोएलशीं त्यांचा विवाह झाला. म्हणजे दोघां भावांची चित्रपटांतील कारकीर्द जितकी जुनी, तितकाच बाईंचा तिच्याशीं संबंध जुना. 'फार्गो'मध्यें बर्फानें झांकलेल्या मुलुखांत खुनांचा तपास करणारी गरोदर पोलीस अधिकारी त्यांनीं उभी केली. तिच्या वागण्यांत कोठेंही आवेश नाहीं. ती भरपूर जेवते, नवऱ्याची प्रेमानें विचारपूस करते, चिखलाबर्फांतून जपून पावलें टाकते, आणि अखेर गुन्हेगाराला गांठते. या एका साध्या, समाधानी बाईमुळें त्या रक्तरंजित कथेला माणुसकीचा आधार मिळाला. बाईंना या भूमिकेसाठीं उत्कृष्ट अभिनेत्रीचें अकॅडमी पारितोषिक मिळालें, आणि पटकथेचें पारितोषिक दोघां भावांना मिळालें. पुढें इतर दिग्दर्शकांच्या चित्रपटांतील भूमिकांसाठीं बाईंनीं तेंच पारितोषिक आणखी दोनदां मिळविलें.

कूकबाईंचें काम पडद्यावर दिसणारें नव्हे. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'मिलर्स क्रॉसिंग'च्या वेळीं त्या सहाय्यक संकलक म्हणून आल्या. तेथें त्यांची ईथनशीं ओळख झाली, आणि त्याच सालीं दोघें विवाहबद्ध झालीं. पुढें 'द बिग लेबोव्स्की' (१९९८), 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' (२०००) आणि 'द मॅन हू वॉझन्ट देअर' (२००१) या तीन चित्रपटांच्या संकलनावर त्यांचें नांव आहे. तें कोणाच्या शेजारीं आहे? रॉडरिक जेन्सच्या शेजारीं. एका खऱ्या बाईचें नांव एका काल्पनिक पुरुषाच्या जोडीला छापलें गेलें, आणि लोकांच्या लक्षांत राहिला तो काल्पनिक पुरुष.

चित्रपट पाहतांना संकलन आपल्याला दिसत नाहीं, म्हणून त्याविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. समजा, टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसें बसून बोलत आहेत. हाच प्रसंग एकदां पहिल्याच्या तोंडाकडे कॅमेरा ठेवून, एकदां दुसऱ्याच्या, एकदां दोघांना दुरून, असा पुनःपुन्हा घेतलेला असतो. पडद्यावर दोन मिनिटें चालणाऱ्या संभाषणासाठीं संकलकापुढें त्याच्या कितीतरी पट चित्रण येऊन पडतें. त्यांतील कोणतें वाक्य बोलणाराच्या तोंडावर दाखवावें आणि कोणतें ऐकणाराच्या, उत्तरापूर्वींची शांतता किती वेळ राहूं द्यावी, हें त्यानें ठरवावयाचें असतें. चित्रफितीवर एका सेकंदांत चोवीस चित्रें डोळ्यांपुढून जातात. त्यांतील सहा-आठ चित्रें कमी-अधिक झालीं तरी जेथें हंशा पिकावयाचा तेथें तो पिकत नाहीं. कसलेला कीर्तनकार आख्यानांत नेमका कोठें थांबतो हें ज्यांनीं लक्षपूर्वक ऐकलें आहे, त्यांना या कामाची किंमत वेगळी सांगावयास नको. कोएन बंधूंच्या विनोदाची सारी मदार अशा थांबण्यावर आहे. मग तीन चित्रपटांत तें थांबणें मोजण्यास ज्या बसल्या होत्या, त्यांचा त्या विनोदांत वाटा नाहीं असें कोणी म्हणावें?

वेगळें होण्याचें कारण भांडण नव्हतें, आणि जावांचा तर त्यांत कांहींच संबंध नव्हता. २०१८ सालीं 'द बॅलड ऑफ बस्टर स्क्रग्ज' हा सहा कथांचा चित्रपट पुरा झाला तेव्हां ईथनला या धंद्याचा शीण आला होता. आरंभीं जें खेळासारखें वाटे तें आतां ओझें वाटूं लागलें, अशा आशयाचें त्यानें पुढें मुलाखतींतून सांगितलें. चित्रपटाबाहेरचें लेखन त्याला नवें नव्हतें. १९९८ सालीं त्याचा कथासंग्रह निघाला होता, आणि २००८ सालीं त्याच्या एकांकिका न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आल्या होत्या. त्याला थांबावेंसें वाटलें. जोएलला वाटलें नाहीं. चौतीस वर्षांच्या भागीदारींत एवढा फरक पडणें हें मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

जोएलनें हातीं घेतलेल्या मॅकबेथची मूळ कल्पना मॅकडॉर्मंडबाईंची. त्यांनीं २०१६ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील रंगभूमीवर लेडी मॅकबेथची भूमिका केली होती. हें नाटक जोएलनें आपल्यासाठीं रंगभूमीवर बसवावें असें त्यांनीं त्याला सुचविलें होतें. नाटक बसविणें हें आपलें काम नव्हे असें त्याला वाटे. पण चित्रपट या दृष्टीनें पाहूं लागतांच त्याला वाट दिसली. भाऊ बरोबर असता तर हा विषय आपण घेतलाच नसता, कारण ईथनला त्यांत गोडी वाटली नसती, असेंही त्यानें मोकळेपणें सांगितलें आहे.

मॅकबेथची कथा मराठी श्रोत्यांना नवी नाहीं. शिवरामपंत परांजपे यांचें 'मानाजीराव' आणि शिरवाडकर यांचें 'राजमुकुट' (१९५४) हीं तिचींच मराठी रूपें. राज्यलोभानें पेटलेला सरदार आणि त्याला राजाच्या खुनास प्रवृत्त करणारी त्याची बायको हीं पुष्कळदां ऐन उमेदीच्या वयांतील दाखवितात. येथें मॅकबेथ झालेला डेन्झेल वॉशिंग्टन आणि लेडी मॅकबेथ झालेल्या मॅकडॉर्मंडबाई हीं दोघेंही चित्रणाच्या वेळीं साठी ओलांडलेलीं होतीं. एवढ्या एका फरकानें नाटकाचा अर्थच पालटतो. पोटीं मूल नाहीं, आयुष्य सरत आलें, मान पुष्कळ मिळाला पण सिंहासन मिळालें नाहीं, आणि ही शेवटची संधि आहे, अशा भावनेनें हें जोडपें खुनाकडे वळतें. तरुणांचा लोभ उतावळा असतो. या दोघांचा लोभ हिशेबी आणि थकलेला आहे. ही दृष्टि त्या चित्रपटाला लाभली ती भूमिका अंगीं मुरलेल्या, वयानें प्रौढ झालेल्या अभिनेत्रीमुळें.

चित्रपट कृष्णधवल आहे, आणि त्याची चौकट जुन्या बोलपटांप्रमाणें जवळजवळ चौरस आहे. किल्ला, रान, रणभूमि, सारें लॉस एंजेलिस येथील स्टुडिओंत उभारलेलें. उघड्या माळाचा भास होतो तोही धुक्याच्या पडद्यानें. उंच भिंती, लांबच लांब सांवल्या आणि रिकामीं अंगणें यांमुळें ही जागा स्कॉटलंडची न वाटतां एखाद्या दुष्ट स्वप्नांतील वाटते. तिन्ही चेटकिणींचें काम कॅथरिन हंटर या एकाच अभिनेत्रीनें केलें आहे. २०२० च्या मार्चमध्यें महामारीमुळें चित्रण बंद पडलें, तें जुलैमध्यें पुन्हा सुरू झालें. अभिनय, छायालेखन आणि नेपथ्य या तीन बाबतींत अकॅडमीच्या यादींत चित्रपटाचें नांव आलें, पारितोषिक मात्र मिळालें नाहीं. आणि एक बारीकशी गोष्ट: या चित्रपटाच्या संकलकांत 'रेजिनाल्ड जेन्स' असें एक नांव आहे. रॉडरिक एकत्र घराचा. वाटणीनंतर जोएलनें आपल्यापुरता त्याचा एक नवा भाऊबंद निर्माण केला.

ईथनकडील चूल पुन्हा पेटली तीही महामारीच्याच दिवसांत. घरीं बसून करतां येण्यासारखें काम म्हणजे जुन्या चित्रफितींचें. जेरी ली लुइस या अमेरिकन गायक-पियानोवादकाच्या जुन्या कार्यक्रमांच्या आणि मुलाखतींच्या फितींतून त्यानें एक अनुबोधपट तयार केला, संकलन कूकबाईंचें. २०२२ सालीं कॅन येथील महोत्सवांत तो दाखविला गेला. अशा चित्रपटांत नवें चित्रण जवळजवळ नसतेंच. जें कांहीं रूप येतें तें संकलनानेंच येतें. हें काम करतां करतां ईथनची मोडलेली हौस परत आली, आणि नवराबायकोंनीं सुमारें वीस वर्षांपूर्वीं मिळून लिहून ठेवलेली एक पटकथा बाहेर काढली. तीच 'ड्राइव्ह-अवे डॉल्स'.

अमेरिकेंत एखाद्याची मोटार एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पोंचवून देण्याच्या अटीवर प्रवाशाला ती चालवावयास मिळते, अशी सोय असते. १९९९ सालच्या या कथेंत दोन मैत्रिणी अशीच एक मोटार घेऊन फिलाडेल्फियाहून फ्लॉरिडांतील टॅलाहासी येथें निघतात, आणि मोटारीच्या मागल्या पेटींत कोणा गुंडांचा ऐवज असतो. या दोघी स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया आहेत. कूकबाईंनीं आपणही त्याच समाजांतील असल्याचें, आणि आपला विवाह रूढ चाकोरींतला नसल्याचें, जाहीरपणें सांगितलें आहे. अशा स्त्रियांच्या कथा पडद्यावर येतात त्या बहुधा दुःखाच्या आणि गंभीर चेहऱ्याच्या. त्यांनाही इतरांसारखी धांवपळ, फजिती आणि हंशा यांचा चित्रपट मिळावा, असा दोघांचा हेतु होता. दुसऱ्या 'हनी डोन्ट' या चित्रपटांत कॅलिफोर्नियांतील बेकर्सफील्ड गांवची एक स्त्री गुप्त पोलिसाचा खाजगी धंदा करते. दोन्ही पटकथा दोघांच्या; ईथन एकट्याच्या प्रतिभेंतून या नायिका निघाल्या नसत्या. पहिल्या चित्रपटाच्या संकलनावर कूकबाईंचें नांव आहे, आणि या खेपेला शेजारीं कोणी जेन्स नाहीं. दिग्दर्शनही आम्ही दोघें मिळून करितों, असें दोघेंही सांगतात; पण पडद्यावर दिग्दर्शक म्हणून नांव आहे तें ईथनचेंच. तीस-चाळीस वर्षांपूर्वीं ज्या जागीं ईथन उभा होता, त्याच जागीं आज त्याची पत्नी उभी आहे.

हे चित्रपट पाहून पुष्कळ टीकाकारांनीं वजाबाकीचें गणित मांडलें. जोएलचा चित्रपट गंभीर आणि ईथनचे थिल्लर. तेव्हां एकत्र चित्रपटांतील खोली थोरल्याची आणि चेष्टा धाकट्याची, असा त्यांचा निष्कर्ष. हें गणित मला पटत नाहीं. तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला तो धाकट्यानें, हें या निष्कर्षांत कोठें बसवावयाचें? शिवाय 'फार्गो'मध्यें भय आणि हंसूं एकाच प्रसंगांत असे मिसळलेले असतात कीं, दुधांतून पाणी काढावें तसें ते वेगळे करतां येत नाहींत. पण गणितांतील मुख्य चूक याहून मोठी आहे. एक भाऊ वजा झाला एवढेंच टीकाकारांनीं धरलें. एक पत्नी मिळविली गेली हें धरलेंच नाहीं. जोएलच्या चित्रपटांतील गांभीर्यांत शेक्सपिअर आणि मॅकडॉर्मंडबाई आहेत. ईथनच्या चित्रपटांतील धिंगाण्यांत कूकबाईंचें जग आहे. नव्या पदार्थाची चव घेऊन जुन्या पदार्थांतील मीठ कोणाचें आणि मिरची कोणाची हें ठरवूं पाहणें फोल आहे.

वाटणीनें नुकसान झालें नाहीं, असें मात्र माझें म्हणणें नाहीं. 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'ला उत्कृष्ट चित्रपटाच्या पारितोषिकासह चार पारितोषिकें मिळालीं. त्या तोडीचें काम अद्याप कोणत्याच चुलीवर शिजलेलें नाहीं. ईथनच्या दोन्ही चित्रपटांचें स्वागत संमिश्रच झालें, आणि दुसऱ्याच्या वेळीं तर त्यांतील कथानकाच्या विस्कळीतपणाबद्दल त्याला पुष्कळ ऐकून घ्यावें लागलें. लहानपणापासून एकमेकांना "हें नको" असें बेधडक सांगण्याची संवय असलेला भाऊ जवळ नसला म्हणजे कांहीं गोष्टी सुटून जात असतील. पण या नुकसानीबरोबर जमेची बाजूही लिहावयास हवी. साठी ओलांडलेल्या अभिनेत्रीला आपल्या मनांतील लेडी मॅकबेथ मिळाली. वीस वर्षें पेटींत पडलेली पटकथा लोकांपुढें आली. आणि जन्मभर पडद्याआड राहिलेल्या एका बाईंचें काम लोकांच्या डोळ्यांत भरलें.

दोन्ही घरांतील जाणें-येणेंही तुटलेलें नाहीं. 'ब्लड सिंपल'ला संगीत देणारा कार्टर बरवेल यानेंच मॅकबेथला संगीत दिलें, आणि ईथनच्या दोन्ही कथाचित्रपटांनाही त्यानेंच दिलें. त्याचें पान दोन्हीकडे मांडलेलें आहे. आपण दोघांनीं पुन्हा मिळून लेखन केलें असल्याचेंही ईथननें सांगितलें आहे. उद्यां हे भाऊ पुन्हा एका चुलीवर आले तर टीकाकारांना आनंद होईल, आणि मलाही होईल. परंतु तेव्हां पडद्यावर दोनच नांवें झळकलीं, तरी पाहणारानें तीं चार मोजावीं. आणि चित्रपटच कशाला? ज्या एकत्र घराचा, दुकानाचा किंवा छापखान्याचा लौकिक दोघां भावांच्या नांवावर गांवभर झाला आहे, तेथेंही पाटीवर न आलेलीं नांवें किती आहेत, हें एकदां आंत डोकावून पाहावें. वाटणी होण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.